कॅमेऱ्याची पिशवी आणि विमानतळावरची तपासणी

कॅमेरा घेताना माणूस चार जाणकारांना विचारतो, दहा दुकाने हिंडतो, लेन्सचे आकडे तोंडपाठ करतो. पिशवीची वेळ आली म्हणजे मात्र दुकानदार काउंटरखालून काढून देईल ती मुकाट्याने खांद्याला अडकवतो. गावातल्या गावात फिरायचे असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. एस.टी.त किंवा आगगाडीत पिशवी मांडीवर घेऊन बसले की भागते. परंतु तीच पिशवी घेऊन विमानतळावर गेलो की तिचे सगळे गुणदोष पंधरा मिनिटांत उघडे पडतात. आणि तेही शब्दशः, कारण तिथे ती उघडावीच लागते.

वार्षिकांकासाठी हा काय विषय झाला, अशी शंका काही वाचकांना येईल. मला तो लिहावासा वाटला त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की आमच्या छायाचित्रण मंडळाकडे जो कॅमेरा आहे तो कोणा एकाचा नाही. माजी विद्यार्थ्यांनी दिलेल्या देणगीतून तो घेतला, आणि अभ्यासदौऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीच्या हाती तो विश्वासाने सोपवला जातो. दुसरे कारण घरचे आहे. माझे मामा तालुक्याच्या गावी फोटो स्टुडिओ चालवतात. पूर्वी त्यांची लग्ने पंचक्रोशीतच असत. आता यजमान गोव्याला, उदयपूरला लग्न काढतात आणि छायाचित्रकाराला विमानाचे तिकीट पाठवतात. सुट्टीत मी त्यांचा हरकाम्या मदतनीस असतो. मामांच्या खांद्यावरच्या पिशवीत त्यांच्या घराचे वर्षभराचे धान्य असते, असे मामी म्हणते, आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही.

तेव्हा पिशवी कशी निवडावी, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. विमानतळावर तिला तीन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली तराजूवर, दुसरी क्ष-किरणांच्या पडद्यासमोर आणि तिसरी विमानाच्या दारात. दुकानात आपण पिशवी पाहतो ती खांद्यावर कशी दिसते आणि तिच्यात किती मावते एवढेच. या तीन परीक्षांना त्या दोन्ही गोष्टींचे काही मोल नाही. माझ्या मते, जी हलकी आहे, जी चटकन उघडते व मिटते, आणि जी ऐनवेळी सोडून द्यावी लागली तरी आतला ऐवज आपल्या हाती ठेवते, ती पिशवी चांगली. या लेखात हेच क्रमाने सांगायचे आहे.

कॅमेरा हातातच का?

पहिल्याने एका सोप्या वाटणाऱ्या पळवाटेचा निकाल लावू. एवढी यातायात करण्यापेक्षा कॅमेरा मोठ्या बॅगेत घालून विमानाच्या पोटात का पाठवू नये? याला तीन उत्तरे आहेत.

एक तर ते सामान पट्ट्यावरून घसरते, ट्रॉलीवर फेकले जाते, इतर बॅगांखाली दबते. मामांच्या एका व्यवसायबंधूची लांब पल्ल्याची लेन्स अशाच प्रवासात मधोमध दुभंगली. नुकसानभरपाईचा अर्ज त्यांनी रीतसर केला. पण लग्नाचा मुहूर्त अर्जाच्या निकालासाठी थांबत नसतो. दुसरे, कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या विमानाच्या पोटातल्या सामानात ठेवण्यास जगभर बंदी आहे. तिसरे, फिल्म वापरणाऱ्यांसाठी तो मार्ग सर्वथा वर्ज्य आहे, कारण त्या सामानाची तपासणी अधिक प्रखर किरणांनी होते. म्हणजे कॅमेरा, बॅटऱ्या आणि फिल्म ही त्रयी आपल्याबरोबरच हवी. मोठ्या बॅगेत जावा तो ट्रायपॉड, दिव्याचा स्टँड, स्क्रू-ड्रायव्हर आणि षट्कोनी चाव्यांचा जुडगा. या वस्तू हाती घेऊन गेलो तर त्या आत नेऊ द्यायच्या की नाही हे तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनावर राहते, आणि रांगेत वाद घालून जिंकलेला प्रवासी मी अद्याप पाहिलेला नाही.

तपासणीमागची पार्श्वभूमी

रांगेत उभे असताना आपण कुरकुरतो. परंतु या रांगा उगाच लागलेल्या नाहीत. विमान-अपहरणांच्या लाटेनंतर अमेरिकेत जानेवारी १९७३ पासून प्रत्येक प्रवाशाची आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची झाली. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ हे विमान अटलांटिक महासागरावर स्फोटाने नष्ट झाले आणि ३२९ माणसे प्राणास मुकली. स्फोटके एका बॅगेत होती, आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये आपल्याकडे नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाला स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले. त्यानंतर २००० साली जयपूरपासून सुरुवात करून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने सोपवण्यात आली. पडद्यासमोर बसलेला जवान आपल्या पिशवीकडे संशयाने पाहतो ते त्याचे काम आहे. त्याचे काम सोपे करणारी पिशवी घेऊन जाणे, हे आपले.

पहिली परीक्षा : तराजू

आपल्या देशातील अंतर्गत प्रवासात साधारणतः हातातील एका पिशवीला ७ किलोंची मर्यादा असते. पिशवीची लांबी, रुंदी व उंची मिळून ११५ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. ५५ बाय ३५ बाय २५ ही मापे पुष्कळांना ठाऊक असतात. आता एका लग्नाच्या छायाचित्रकाराचे सामान तराजूत घालून पाहू.

दोन कॅमेऱ्यांच्या नुसत्या बॉड्या प्रत्येकी ७०० ग्रॅम धरल्या तर १,४०० ग्रॅम होतात. मधल्या पल्ल्याची चांगली लेन्स ८०० ग्रॅम आणि लांब पल्ल्याची १,५०० ग्रॅम. फ्लॅश ४०० ग्रॅम. बॅटऱ्या, चार्जर, कार्डे आणि पुसण्याचे कापड मिळून ५०० ग्रॅम. इथवर ४,६०० ग्रॅम झाले. १,५०० ग्रॅमचा लॅपटॉप आत सरकवला की ६,१०० ग्रॅम. म्हणजे खुद्द पिशवीसाठी उरले अवघे ९०० ग्रॅम!

आणि दुकानात मिळणारी जाड गादीची, बारा खिशांची, पावसाळी टोपडे असलेली ऐटबाज पिशवी रिकामीच दोन किलोंच्या घरात असते. चाके व ओढायची दांडी असलेली पेटी घेतली तर साडेतीन ते चार किलो. म्हणजे ७ किलोंपैकी निम्म्याहून अधिक वजन आपण चाकांवरच खर्च करतो. मामांनी पेटी घेण्याचा बेत याच हिशेबाने रद्द केला. पिशवी विकत घेताना तिचे रिकामे वजन विचारावे, आणि दुकानदाराला सांगता आले नाही तर सरळ काट्यावर ठेवून पाहावे. कित्येक विक्रेते या मागणीने चकित होतात, एवढे मात्र खरे.

बहुतेक विमान कंपन्या हातातील पिशवीखेरीज लॅपटॉपची लहान पिशवी किंवा पर्स चालवून घेतात. तेव्हा लॅपटॉप वेगळा काढला की मुख्य पिशवीला श्वास घेण्याइतकी जागा मिळते. एक कॅमेरा लेन्ससह गळ्यात घालणे हाही जुना आणि उपयोगी उपाय आहे. पण तो मूळ हिशेब चुकवण्यासाठी नसून अडीनडीला कामी यावा म्हणून आहे, हे ध्यानात ठेवावे.

दुसरी परीक्षा : पडदा

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर आपली पिशवी जवानाला कशी दिसते, हे एकदा समजले की ती कशी भरावी हे सांगण्याची गरज उरत नाही. ही यंत्रे दोन निरनिराळ्या ऊर्जेच्या किरणांची तुलना करून वस्तूंना रंग देतात. कागद, कापड, चामडे, अन्न असे सेंद्रिय पदार्थ नारिंगी दिसतात. धातू निळे दिसतात. मधले पदार्थ हिरवट दिसतात. किरण पार जाऊच शकत नाहीत इतकी दाट वस्तू असेल तर तिथे काळा डाग दिसतो.

आता एकावर एक तीन लेन्स रचल्या आहेत, त्यांच्या पोटात भिंगांचे थर आहेत, भोवती धातूची कडी आहेत आणि शेजारी चार्जरच्या तारांचे भेंडोळे आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्यातच आईने प्रेमाने दिलेला बेसनलाडवांचा डबा त्याच कप्प्यात कोंबलेला! दाट नारिंगी गोळे, त्यांना बिलगलेल्या तारा आणि जवळच बॅटऱ्या. पिशवी बाजूला काढली नाही तरच नवल. लाडवांना बंदी नाही. त्यांची सोबत तेवढी वाईट. खाऊ वेगळ्या पिशवीत ठेवावा.

यावरून निवडीची पहिली कसोटी निघते. पिशवी उथळ हवी, खोल नको. सगळ्या वस्तू एकाच थरात, शेजारी शेजारी बसतील अशी. खोल पिशवीत जास्त मावते खरे, पण तिच्यातले काढायचे तर विहिरीतून घागर काढल्यासारखे हात घालून चाचपावे लागते. वळणदार अक्षरात लिहिलेली उत्तरपत्रिका परीक्षकाला जशी भराभर वाचता येते, तशी पिशवी पडद्यावर वाचता आली पाहिजे.

दुसरी कसोटी उघडण्याची. आपल्या विमानतळांवर सामान्यतः लॅपटॉपप्रमाणेच कॅमेराही बाहेर काढून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवावा लागतो. बहुधा चार्जर आणि पॉवर बँकही. मागे पन्नास माणसे उभी असतात. अशा वेळी पिशवीची चेन तिन्ही बाजूंनी फिरून झाकण पुस्तकासारखे सपाट उघडले पाहिजे. तोंडाशी दोरी ओढून बंद होणाऱ्या किंवा वर टोपडे, खाली बक्कल, आत पुन्हा चेन अशा पिशव्या डोंगर चढायला उत्तम. इथे त्या आपली फजिती करतात.

पाठीवरच्या पिशव्यांत दोन प्रकार आहेत. काहींचे झाकण बाहेरच्या बाजूला असते, काहींचे पाठीला टेकणाऱ्या बाजूला. मी दुसऱ्या प्रकाराच्या बाजूचा आहे. गर्दीत मागून कोणी चेन उघडू शकत नाही, आणि ट्रेमध्ये ठेवताना पट्ट्यांची बाजू वर राहत असल्याने पिशवी न उलटवता तशीच उघडता येते. सैल लोंबणारे पट्टे मात्र आधी आत खोचावेत. पट्ट्यावरच्या रुळांत ते अडकतात.

खांद्यावरच्या कापडी पिशवीचाही एक पक्ष आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दैनिकाचे छायाचित्रकार जिम डोमके यांनी त्या काळच्या ताठर पेट्यांना कंटाळून जाड कॅनव्हासची एक साधी पिशवी बेतली, आणि ती वृत्तछायाचित्रकारांत रूढ झाली. गादी बेताची, वजन कमी, वरून हात घातला की वस्तू हाती. दोन लेन्स आणि एक कॅमेरा एवढाच संसार असणाऱ्याला विमानतळावर आजही याहून सुटसुटीत काही मिळणार नाही. सामान वाढले की मात्र एकच खांदा बोलू लागतो.

तिसरी कसोटी म्हणजे सुट्या थैल्या. बॅटऱ्या एका थैलीत, तारा व चार्जर दुसरीत, कार्डे तिसऱ्या छोट्या पाकिटात. थैल्या आरपार दिसणाऱ्या असाव्यात. पिशवी उघडल्यावर कॅमेरा एका हाताने आणि बॅटऱ्यांची थैली दुसऱ्या हाताने, अशा दोन हालचालींत काम झाले पाहिजे. कॅमेऱ्यात भारलेली बॅटरी असू द्यावी, कारण तो चालू करून दाखवा, असेही कधीकधी सांगतात.

धूळ उडवण्यासाठी दाबलेल्या हवेचा डबा नेऊ नये. त्याला विमानात बंदी आहे. रबरी फुगा न्यावा. या फुग्यांपैकी एका प्रसिद्ध नमुन्याला खाली शेपट्या असतात आणि तो हुबेहूब छोट्या अग्निबाणासारखा दिसतो. जवानाने ‘हे काय?’ असे विचारले तर त्याचे बाजारातले टोपणनाव सांगू नये, ‘धूळ झटकायचा फुगा’ एवढेच म्हणावे. विमानतळावर विनोद करणे नेहमी महागात पडते.

बॅटरीचे गणित

बॅटऱ्यांचा नियम प्रत्येक छायाचित्रकाराने पाठ करावा असा आहे. लिथियम बॅटरी बिघडली तर ती स्वतःच तापत जाते आणि पेट घेते. प्रवाशांच्या कक्षात असे झाले तर कर्मचाऱ्यांना ते दिसते व विझवता येते. विमानाच्या पोटात ते कोण पाहणार? म्हणूनच सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातील सामानातच नेण्याचा दंडक आहे.

मर्यादा वॉट-तासांत मोजतात. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागत नाही; १०० ते १६० पर्यंतच्या दोन सुट्या बॅटऱ्या कंपनीच्या परवानगीने नेता येतात; त्यापुढच्या नेता येत नाहीत. बॅटरीवर वॉट-तास छापलेले नसतील तर व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे. ७.२ व्होल्टची १,८०० मिलिअँपिअर-तासांची कॅमेऱ्याची बॅटरी सुमारे १३ वॉट-तासांची भरते. ३.७ व्होल्टची २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ ची. म्हणजे साध्या कॅमेऱ्याला चिंता नाही. चित्रफितीच्या मोठ्या बॅटऱ्या वापरणाऱ्यांनी मात्र आधी गुणाकार करावा. सुट्या बॅटऱ्यांच्या धातूच्या टोकांवर टोपण किंवा चिकटपट्टी हवी. किल्ल्या आणि नाण्यांच्या खिशात त्या कधीही टाकू नयेत.

फिल्म आणि क्ष-किरण

छायाचित्रण आणि क्ष-किरण यांचे नाते क्ष-किरणांच्या जन्मापासूनचे आहे. नोव्हेंबर १८९५ मध्ये विल्हेल्म रंटगेन यांना या किरणांचा शोध लागला, आणि त्याच डिसेंबरात त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताची, बोटातील अंगठीसह, छायाचित्र-काचेवर उमटवलेली प्रतिमा जगप्रसिद्ध झाली. ज्या किरणांनी काचेवर हात उमटवला ते फिल्मवर धुरकट पडदा उमटवणार, हे ओघानेच आले. डिजिटल कॅमेरा, कार्डे आणि धुऊन झालेल्या निगेटिव्ह यांना हे भय नाही. भय आहे ते न धुतलेल्या फिल्मला.

हल्ली आमच्या पिढीत फिल्मचा छंद पुन्हा आला आहे, म्हणून हे सविस्तर सांगतो. हातातील सामान तपासणाऱ्या जुन्या पद्धतीच्या यंत्रातून कमी संवेदनक्षम फिल्म, म्हणजे आयएसओ ८०० च्या खालची, थोड्या वेळा गेली तर सहसा इजा होत नाही. परंतु किरणांचा परिणाम साठत जातो. प्रत्येक विमानतळ त्यात भर घालतो. पोटातील सामानाची यंत्रे याहून प्रखर असतात. आणि आता ‘सीटी’ पद्धतीची नवी यंत्रे हातातील सामानासाठीही येत आहेत; ॲमस्टरडॅमच्या स्किपॉलसारख्या विमानतळांवर ती बसली आहेत. ती पिशवीचे चहूबाजूंनी चित्र घेतात, त्यामुळे लॅपटॉप बाहेर काढावा लागत नाही. प्रवाशाला ही सोय असली तरी फिल्मला तो घात आहे. कोणत्याही संवेदनक्षमतेची न धुतलेली फिल्म या यंत्रातून नेऊ नये, असा इशारा कोडॅक कंपनीने दिलेला आहे.

गेल्या वर्षी आमच्या मंडळाचा दौरा तंजावरला गेला. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख अनेकांनी पुस्तकात वाचलेला असतो; तो डोळ्यांनी पाहण्याची ओढ होती. परीक्षा तोंडावर असल्याने पुणे ते चेन्नई विमानाने आणि पुढे आगगाडीने, असा बेत ठरला. मंडळाच्या डिजिटल कॅमेऱ्याखेरीज आमच्या सरांचा जुना फिल्मचा कॅमेरा आणि आयएसओ ४०० चे कृष्णधवल सहा रोल बरोबर होते. रोल डब्यांतून काढून आरपार दिसणाऱ्या पिशवीत ठेवले होते आणि ती पिशवी सर्वांत वर होती. जाताना सरांनी नम्रपणे विनंती केली तेव्हा अधिकाऱ्याने रोल हाताने तपासून परत दिले. येताना दुसऱ्या अधिकाऱ्याने नकार दिला व ते जुन्या पद्धतीच्या यंत्रातून गेले. धुतल्यावर अक्षरे स्वच्छ उमटली. जाताना एक फेरी टळली होती, त्याचा हा लाभ. त्या रोलांवरची छायाचित्रे पुन्हा काढायला जायचे म्हणजे पुन्हा पैसा, पुन्हा रजा आणि पुन्हा परवानग्या. म्हणून विनंती करण्याचा संकोच धरू नये आणि नकार मिळाल्यास आवाज चढवू नये.

शिशाचे अस्तर असलेल्या फिल्मच्या पिशव्या बाजारात मिळतात. त्या मला पटत नाहीत. पडद्यावर मोठा काळा चौकोन दिसला की जवान पिशवी उघडणार किंवा पुन्हा यंत्रात घालणार. जे लपवण्यासाठी ती घेतली त्याकडेच ती बोट दाखवते.

तिसरी परीक्षा : विमानाचे दार

तपासणी पार पडली म्हणजे सुटलो असे वाटते. पण खरी अडचण पुढेच असते. विमान भरलेले असले की वरचे कप्पे संपतात आणि शेवटी येणाऱ्यांच्या पिशव्या दारातच काढून घेऊन पोटात टाकतात. लहान गावांच्या मार्गांवर सत्तरएक आसनांची एटीआर विमाने असतात. त्यांचे वरचे कप्पे इतके उथळ की चाकांच्या पेट्या बहुधा शिडीपाशीच ठेवून घेतात. सात किलोंची आणि मापात बसणारी पिशवीही अशी हातून जाऊ शकते. त्या वेळी सुट्या बॅटऱ्या बाहेर काढणे नियमानेच आवश्यक असते. कॅमेरा मात्र आत राहून जातो, कारण तो काढून ठेवायचा कशात?

माझ्या पाहण्यात यावर सर्वांत चांगला तोडगा म्हणजे सुटी गादी. ही कप्पे पाडलेली, वर चेन असलेली मऊ पेटी असते. ती कोणत्याही साध्या पाठीवरच्या पिशवीत बसते. साधी पिशवी हलकी असते, स्वस्त असते आणि आत मौल्यवान ऐवज आहे असे ओरडून सांगत नाही. दारात पिशवी मागितली तर गादी उचलून बाहेर घ्यावी, ती आसनाखाली सरकते. कपडे आणि रिकामी पिशवी खुशाल पोटात जाऊ द्यावी. तपासणीच्या वेळीही तीच गादी उचलून ट्रेमध्ये ठेवता येते. मामांनी अखेर हीच जोडी घेतली. मंडळासाठीही आम्ही तीच घेतली, आणि देणगीतले जे पैसे वाचले त्यातून एक जादा बॅटरी आली.

गादी घेताना तिला स्वतःची मूठ किंवा पट्टा आहे ना, आणि ती आसनाखाली मावेल इतकी बसकी आहे ना, एवढे पाहावे.

काही किरकोळ पण कामाच्या गोष्टी

पिशवी काळी असेल तर तिला रंगीत फीत बांधावी. ट्रेच्या पट्ट्यावर दहांतल्या आठ पिशव्या काळ्या असतात. परदेशी जाताना महाग कॅमेरा नेत असाल तर निघण्यापूर्वी सीमाशुल्क अधिकाऱ्यांकडून त्याच्या क्रमांकासह निर्यात-प्रमाणपत्र घ्यावे. परतताना तो तिकडे विकत घेतला नाही हे सिद्ध करणे सोपे जाते. सर्व वस्तूंचे क्रमांक एका कागदावर लिहून तो पिशवीत न ठेवता खिशात ठेवावा.

आणखी एक. पुण्याचे लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे आणि गोव्याची दाबोळी नौदलाची आहे. आपण तिथून प्रवासी म्हणून जातो. छायाचित्रकार म्हणून नव्हे. धावपट्टी, विमाने वा तपासणीची जागा यांच्यावर कॅमेरा रोखू नये. तपासणी झाली की कॅमेरा पिशवीत जावा हे उत्तम.

निघण्याच्या आदल्या रात्री घरीच एक तालीम करावी. पिशवी भरून काट्यावर ठेवावी. मग घड्याळ लावून ती उघडावी, कॅमेरा व बॅटऱ्या काढून टेबलावर मांडाव्यात, पुन्हा भरून चेन ओढावी. मामांच्या घरी ही तालीम मामी घेते आणि दीड मिनिटाच्या वर वेळ लागला तर पुन्हा करायला लावते. ज्याची पिशवी या तालमीत उत्तीर्ण झाली त्याला विमानतळाची धास्ती वाटण्याचे कारण नाही. त्याचे लक्ष पिशवीवरून उडून जिथे जायचे आहे तिथे लागते: मांडवातल्या नवरानवरीकडे किंवा तंजावरच्या त्या भिंतीकडे. पिशवी निवडायची ती एवढ्याचसाठी.